बोल्ट रडला की थांब

'हाताला कळतं' असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बावीस वर्षं मी स्वतःच ते म्हणत आलो, म्हणून तर जास्तच. वरणात मीठ किती टाकायचं ते हाताला कळत असेल, म्हशीचा सड किती दाबायचा तेही कळत असेल. पण आजकालच्या गाडीच्या इंजिनाचा हेड-बोल्ट किती कसायचा ते हाताला कळत नाही. आणि एवढी साधी गोष्ट आमच्या डोक्यात शिरावी म्हणून एका बाईला आठ पोरी घेऊन भर रस्त्यात उभं राहावं लागलं.

मी मूळचा जऊळक्याचा. घरी शेती आहे, ती भाऊ पाहतो. मी मंगरूळपीरला, कारंजा रोडवरच्या एका गॅरेजात इंजिनाची कामं करतो. गॅरेज उस्तादांचं. त्यांना सगळेच उस्ताद म्हणतात, त्यांच्या घरचे लोकसुद्धा. धनजपासून आसेगावपर्यंत कुणाचंही इंजिन बसलं की लोक त्यांच्याकडे येतात, कारण त्यांच्या हाताची ख्याती. चाळीस वर्षांत या माणसाच्या हातून एक बोल्ट तुटला नाही, एका बोल्टाचे आटे गेले नाहीत. लोक हे सांगतात तेव्हा त्यांच्यापेक्षा माझीच छाती फुगायची.

आमच्या गॅरेजात एक रीत होती. इंजिन पूर्ण खोलून परत बांधलं की शेवटी वरचं झाकण, म्हणजे हेड, ब्लॉकवर बसवायचं असतं. मध्ये गळती अडवणारी पातळ गॅस्केट, वरून दहा लांब बोल्ट. हे काम उस्ताद दुसऱ्या कुणाला करू देत नसत. हेड बंद करायची वेळ झाली की रेडिओ बंद. शेजारचा टायरवाला आपणहून त्याचा कॉम्प्रेसर बंद करायचा. गिऱ्हाईक बोलत असेल तर त्याला हातानं गप्प करायचं. मग उस्ताद डोळे मिटून पान्याला लोखंडी पाइप लावायचे आणि एकेक बोल्ट आवळत जायचे. एवढी शांतता कशासाठी, तर बोल्टचा आवाज ऐकू यावा म्हणून. कसता कसता एका क्षणी बोल्ट बारीक कुरकुरतो, आणि इतका वेळ घट्ट होत गेलेला पाना हातात किंचित नरम पडतो. याला आमच्याकडे म्हणायचे, बोल्ट रडला. 'बोल्ट रडला की थांब, अन् नखभर मागं घे.' हा आमच्या गॅरेजचा कायदा. मला तो शिकवताना उस्तादांनी माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवला होता, महिनोन् महिने. सख्ख्या काकानं मला कधी एवढ्या मायेनं काही शिकवलं नाही. या माणसावर माझं प्रेम आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा.

आसेगावची एक ताई आहे. स्वतःची डिझेल व्हॅन चालवते. गावातल्या आठ मुलींना रोज मंगरूळपीरला कॉलेजात आणते आणि परत नेते. एसटीच्या वेळा कॉलेजच्या वेळेशी जुळत नाहीत, आणि पुरुष ड्रायव्हरच्या गाडीत पोरी पाठवायला घरचे तयार नाहीत. गाडी बाई चालवते, रोज त्याच वेळेला दारात उभी राहते, म्हणून त्या आठजणी दहावीनंतर शिकताहेत. ती दिवाळीच्या सुट्टीत गाडी घेऊन आली तेव्हा तिनं हे मला दोन वाक्यांत सांगितलं होतं.

"भाऊ, गाडी बसली तं पोरी बी घरी बसतीन. सुट्ट्या हायेत तवरच करून द्या."

गाडीचं ऑइल चहासारखं झालं होतं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं. गॅस्केट गेलेली, रिंगा झिजलेल्या, बेरिंगही संपत आलेली. पूर्ण इंजिन उतरवलं. ताई रोज यायची, एका बाजूला उभी राहून सगळं पाहायची, प्रश्न विचारायची. तिसऱ्या दिवशी तिनं दोन गोष्टी आणल्या. अकोल्याहून मागवलेलं नव्या हेड-बोल्टांचं पाकीट, आणि कंपनीच्या पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स. कॉलेजातल्या एका मास्तरांकडून समजून घेऊन तिनं त्या इंग्रजी पानाखाली निळ्या पेनानं मराठीत लिहिलं होतं: 'आधी जोर मोजणाऱ्या पान्याचा काटा चाळीसवर. मग प्रत्येक बोल्ट पाव फेरा. मग परत प्रत्येक बोल्ट पाव फेरा. एकदा कसलेला बोल्ट दुसऱ्यांदा वापरू नये.'

उस्तादांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि ग्रीसच्या डब्याखाली ठेवून दिला.

"बाई, तुमी गाडी चालवा. इंजिन आमी पाहतो."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. तो हसलेला आवाज आठवला की मला आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. कारण तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांमध्ये तो कागद बरोबर आहे हे पक्कं माहीत असलेला माणूस मी होतो. अकोल्याला एका वर्कशॉपमध्ये दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला मी जाऊन आलो होतो. तिथल्या साहेबांनी नेमका हाच बोल्ट हातात धरून दाखवला होता. हा ताणाचा बोल्ट. जुन्या पद्धतीचा बोल्ट नुसता आवळलेला असतो, हा ताणून लांब करायचा असतो. चड्डीचं इलॅस्टिक जसं ताणलं तरच कंबर धरतं, तसा हा ताणला गेला तरच हेड धरून ठेवतो. आणि एकदा मर्यादेपलीकडे ताणला की इलॅस्टिकसारखाच सैलावतो, म्हणून परत वापरायचा नाही. साहेब पुढं म्हणाले होते, दुसऱ्या पाव फेऱ्यात हा कुरकुरेल, हाताला नरम लागेल, घाबरून सोडू नका, खरी पकड तिथंच सुरू होते. मी वहीत लिहून घेतलं होतं. परत आल्यावर ती वही घरी फडताळात टाकली आणि उस्तादांना काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? ज्या जागेवर थांब असं त्यांनी मला हात धरून शिकवलं, त्याच जागेच्या पुढं जायचं असतं हे?

हेड बंद करायची वेळ आली. मी भोकं हवेनं साफ केली, ताईनं आणलेल्या नव्या बोल्टांना ऑइलचा थेंब लावला. रेडिओ बंद झाला, कॉम्प्रेसर बंद झाला. ताई दाराशी उभी होती. ती नवी असल्यानं तिला रीत माहीत नव्हती, ती काहीतरी विचारायला गेली तर तिघांनी तिला एकदम गप्प केलं. उस्तादांनी डोळे मिटले. मधल्या बोल्टापासून सुरुवात केली, तिथपर्यंत सगळं बरोबर. पहिला पाव फेराही जवळपास झाला, कागद न वाचताच. दुसऱ्या पाव फेऱ्याच्या मध्यावर बोल्ट रडला. उस्ताद थांबले, आणि नखभर मागं घेतला.

"उस्ताद, कागदावर अजून थोडं..." मी म्हणालो.

"श्श."

संपलं. तेवढ्यावर मी गप्प बसलो. बेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, दोन लेकरांचा बाप, एका 'श्श'वर मूग गिळून बसलो. असं दहा वेळा झालं. दहा बोल्ट रडले, दहा बोल्ट मागं घेतले गेले, आणि दहाही वेळा माझ्या तोंडात जीभ होती. बोल्टांची चूक नव्हती, उस्तादांच्या हाताचीही नव्हती. उलट त्यांचा हात इतका तरबेज होता की जिथून पुढं जायला हवं तिथं तो केसाचा फरक न करता थांबला. एखाद्या नवशिक्यानं आंधळेपणानं पाइप ओढला असता तर कदाचित काम बरोबर झालं असतं. याचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

गाडी चालू झाली. छान चालली. पावणेतीन महिने चालली.

बारावीच्या प्रॅक्टिकलचे दिवस होते. सकाळी साडेनऊला ताईचा फोन आला की गाडी तापली, काटा वर गेला, बॉनेटमधून वाफ निघून राह्यली. मी मोटारसायकलवर पोचलो तेव्हा आठही पोरी रस्त्याच्या कडेला तुरीच्या शेताजवळ उभ्या होत्या. जर्नल छातीशी धरलेली, चेहरे उतरलेले. येणारे-जाणारे मोटारसायकलवाले गाडी हळू करून त्यांच्याकडे पाहून जात होते. एकानं तर थांबून 'काय झालं मॅडम' म्हणून दात काढले, त्याला मी दगड उचलून दाखवला. शेवटी भाजीवाल्याच्या पिकअपमध्ये पोरींना बसवून कॉलेजात पोचवलं. मास्तर चांगले, त्यांनी बारावीच्या मुलींना दुपारच्या बॅचमध्ये घेतलं. कुणाचं प्रॅक्टिकल बुडालं नाही. पण तोवर गावात बातमी पोचली होती, आणि पोचता पोचता ती बदलली होती. गाडी बिघडली अशी बातमी पोचली नाही. बाईनं गाडी बिघडवली अशी पोचली.

गाडी ओढून गॅरेजात आणली. चार-पाच गिऱ्हाइकं बसलेली होती. उस्तादांनी रेडिएटरचं झाकण उघडून आत पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"हेड मी स्वतः बंद केलं. हेडले काई होत नसते. रेडिएटरात पानी न टाकता रेटली असंल. बायायले काय समजते काटा कुठी चालला तं!"

ताईचा चेहरा लाल झाला. "उस्ताद, रोज सकाळी पानी अन् ऑइल पाहूनच चाबी लावतो मी. काटा हलला तसा मी गाडी बंद केली. पोरीयले विचारा."

"पोरीयले काय इचाराचं?" उस्ताद म्हणाले आणि हात पुसत निघून गेले. त्या वेळीही मी काही बोललो नाही. हे दुसऱ्यांदा.

तीन दिवसांत तीन घरांनी सांगून टाकलं, गाडी दुरुस्त झाली तरी मुलगी पाठवणार नाही. ताईनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात रडणं नव्हतं, संताप होता. "लोक म्हनतेत बाईच्या हातात गाडी देल्ली तिथंच चुकलं. भाऊ, हेड खोला. माह्यासमोर खोला. मले पाहाचं हाये."

दुसऱ्या दिवशी खोललं. उस्ताद नमाजाला गेले होते, मी त्यांची वाट पाहिली नाही. मी पान्याला पाइप लावायला गेलो आणि लक्षात आलं की पाइपाची गरजच नाही. दहापैकी चार बोल्ट एका हाताच्या हिसक्यानं सुटले. हेड उचललं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये गॅस्केट जळून काळी रेघ पडलेली. हेड नीट दाबलंच गेलं नव्हतं. गरम वायू तिथून पाण्यात घुसत होता आणि पाणी बाहेर फेकत होता. ताईनं रोज पाणी पाहिलं काय आणि नाही पाहिलं काय, हे एक ना एक दिवस होणारच होतं.

ताईनं त्यातला एक बोल्ट उचलला आणि माझ्यासमोर धरला. "हे बी बाईनं ढिले केले का?"

मी तिला गॅस्केटवरची काळी रेघ दाखवली.

"तुमाले मालूम होतं?"

"व्हय," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बोल्ट काळजीपूर्वक परत जागेवर ठेवला, ओढणीला हात पुसले आणि विचारलं, "नवे बोल्ट आनाले अकोल्याले मी जाऊ का तुमी जाता?"

मी गेलो. नवे बोल्ट आणि जोर मोजणारा काट्याचा पाना घेऊन परत आलो तेव्हा उस्ताद उघड्या इंजिनासमोर स्टुलावर बसले होते, ताई बाजूला उभी होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. गिऱ्हाइकांसमोर बाईला नावं ठेवली ती परत घ्या म्हणालो. कागद काय ग्रीसखाली ठेवायला आणला होता का म्हणालो. टायरवाला मध्ये पडायला आला तर त्यालाही झाडला. उस्तादांनी सुटलेला एक बोल्ट उचलून पाहिला. मग म्हणाले, "अबे, बोल्ट रडला होता. म्या ऐकलं. तू बी ऐकलं."

"रडूच द्याचं असते त्याले! हात तुमचा बरोबर हाये उस्ताद, बोल्ट बदलला. जुन्या बोल्टाचा कायदा याले नाई लागत."

"अन् हे तुले कवापासून मालूम हाये?"

मी सांगितलं. ते स्टुलावरून उठले. "मंग चुप कायले बसला बे? मी काय फाशी देत होतो तुले?" एवढं बोलून त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "घे. बंद कर हेड."

मी कागद शोधून काढला. ग्रीसचा गोल डाग पडला होता, पण ताईचं अक्षर शाबूत होतं. तो चिकटपट्टीनं बॉनेटला लावला. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, म्हणजे पाव फेरा झाला की नाही ते डोळ्यांना दिसावं. कुणीतरी सवयीनं रेडिओ बंद केला. माझं डोकं सणकलं.

"चालू कर तो रेडिओ! मोठ्यानं लाव!"

काटा चाळीसवर, दहा बोल्ट. पाव फेरा, दहा बोल्ट. मग दुसरा पाव फेरा, मधल्या बोल्टापासून. ठिपका अर्ध्या वाटेवर आला आणि रेडिओ चालू असतानाही मला ते ऐकू आलं. कानांनी नाही, मनगटानं. बोल्ट रडला. आणि माझा हात थांबला. मला कुणी थांबवलं नव्हतं, उस्ताद मागं गुमान उभे होते. सगळं माहीत असून, कागद डोळ्यांसमोर असून, माझाच हात थांबला आणि मागं यायला लागला. मी त्या हाताला अशी शिवी हासडली की ताईनं तोंड फिरवलं. मग दोन्ही हातांनी पाइप धरला आणि पुढं लोटला. नरम, नरम, अजून नरम, आता तुटतो की काय असं वाटत असताना ठिपका जागेवर आला. तुटला नाही. उरलेल्या नऊ वेळा हात तेवढाच अडला, नऊ वेळा मी त्याला तेवढंच लोटलं. काम झाल्यावर घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. उस्ताद पुढं आले, ठिपके एकेक करून पाहिले आणि ताईला म्हणाले, "बाई, चूक माही होती." तेवढं त्यांनी केलं. तेही गिऱ्हाइकांसमोर.

पण आसेगावला कोण सांगणार? रविवारी मी ताईच्याच गाडीतून गेलो. म्हटलं, तिन्ही घरी मी स्वतः सांगतो, चूक गॅरेजची होती, ताईची नाही. पहिल्या दोन घरी ऐकून घेतलं. एका घरी तर आजोबांनी माझीच खरडपट्टी काढली, ती मला गोड लागली. दोघीही सोमवारपासून येणार असं ठरलं.

तिसऱ्या घरी मुलीच्या वडिलांनी खुर्ची दिली, चहा दिला, माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकलं. त्यांची मुलगी अकरावीला. ती आतल्या दाराला टेकून उभी होती.

"भाऊ, तुमची चूक असंल, मी कुठी नाई म्हनतो?" ते म्हणाले. "पन रस्त्यावर माही पोरगी उभी होती. लोकायनं पाह्यलं तिले, तुमच्या उस्तादाले नाई पाह्यलं."

"अहो, पन त्यात ताईचा काय दोष? गाडी आता पक्की झाली. मी गॅरंटी देतो."

"अकरावीच्या परीक्षेले मी नेऊन देईन मोटारसायकलनं. पुढचं पुढं पाहू."

आमच्याकडे 'पुढचं पुढं पाहू' म्हणजे नाही. मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो, तुमी पोरीचं नुकसान करून राह्यले. मी म्हणालो, बोल्ट आमी ढिला ठेवला अन् सजा तिले देता, हा कुठला न्याय? माझा आवाज इतका चढला की शेजारचे लोक ओट्यावर आले. वडील तसेच हात बांधून बसले होते. मुलगी पुढं आली, माझा कप उचलला आणि आत गेली. परत बाहेर आली नाही.

ताई मला स्टॉपवर सोडायला निघाली. मी बडबडत राहिलो, की मी पुन्हा येतो, या माणसाला चार लोकांत उभा करतो, चांगला सुनावतो, पाहतो कसा पाठवत नाही पोरीला. गाव संपल्यावर रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली,

"तुमचा आवाज तं लय मोठा हाये, भाऊ. हेड बंद होत होतं तवा कुठी होता?"

सोमवारी गाडी वेळेवर निघाली. सात पोरी होत्या.